शांतीनगरची फाईल ठेवायची कुठे?

पोस्ट मोठी आहे. पण शांतीनगरात, मिरा रोडला राहत असाल तर वेळ काढून वाचा.

गेल्या महिन्यात आमच्या सेक्टरमधल्या एका जुन्या सोसायटीसमोर रद्दीवाल्याचा टेम्पो उभा होता. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, सोसायटीचं ऑफिस रिकामं करायचं काम सुरू होतं. मी भाजी घेऊन घरी चाललो होतो. टेम्पोत लाल कापडात बांधलेले गठ्ठे दिसले म्हणून थांबलो. सगळ्यात वर सोसायटीचं पहिलं मिनिट बुक होतं. निळी शाई, सुरेख अक्षर. पहिल्या सभेचे विषय तीन: पाण्याचा टँकर, जिन्यातले दिवे आणि स्टेशनकडे जाताना लागणारा चिखल.

सेक्रेटरी काका ओळखीचे. विचारलं, "काका, हे पण देऊन टाकताय?"

"अरे, ठेवू कुठे? भाड्याच्या घरात माझं स्वतःचं कपाट मावत नाहीये."

काकांचं काही चुकलं नाही. ठेवायला जागाच नाही. मी ते मिनिट बुक रद्दीच्या भावाने विकत घेतलं. बाकीचे गठ्ठे गेले.

त्या रात्री झोप नीट लागली नाही. कारण दुसऱ्याला बोलायचा मला अधिकार नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा करून ज्या साप्ताहिकात पहिली नोकरी केली, त्याच्या बांधीव फायली ओल लागून गेल्या. त्यात या गावाची दर आठवड्याची नोंद होती. आम्हा चार-पाच जणांपैकी एकालाही त्या वेळेत हलवाव्यात असं वाटलं नाही. आज कुणी एखाद्या जुन्या बातमीचा पुरावा मागितला, तर माझ्याकडे फक्त आठवण आहे.

आता थोडं मागे जाऊ. आपल्या भागाला इतिहास नाही, इथे आधी फक्त मिठागरं आणि खाजण होतं, असं आपल्यातलेच बरेच जण म्हणतात. खरं तर इतिहास भरपूर आहे, फक्त त्याचे कागद आपल्याकडे नाहीत. १५३४ साली वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. त्या काळची सरकारी पत्रं गोव्याच्या पुराभिलेखात आणि लिस्बनमध्ये आहेत. १७३७ साली चिमाजी अप्पांची वसई मोहीम सुरू झाली आणि ठाण्यापाठोपाठ घोडबंदर मराठ्यांकडे आलं. मार्च १७३९ मध्ये धारावी घेतली. ही मुंबईतली धारावी नव्हे, आपल्या उत्तनजवळची. वसईच्या खाडीच्या तोंडावरची ही जागा हातात आल्यावर समोरच्या वसईची समुद्राकडून येणारी मदत रोखणं सोपं झालं, आणि मे महिन्यात वसई पडली. या मोहिमेतली पत्रं पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. त्या दफ्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाईंनी ४५ खंडांत छापले. पुढे १७७४ साली इंग्रजांनी साष्टी घेतली. त्यांचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. ती कचेरी १८२१ सालापासून चालू आहे.

म्हणजे घोडबंदरबद्दल वाचायचं तर पुणे, पणजी, मुंबई. मिरा रोडला काय? एक कपाटही नाही.

बरं, ते जुनं राहू द्या. आपल्या शांतीनगरचंच घ्या.

कायद्याचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही 'शांतीस्टार बिल्डर्स विरुद्ध नारायण खिमालाल तोटामे' हे नाव विचारा. ३१ जानेवारी १९९० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. नागरी जमीन कमाल धारणा कायद्यातून जादा जमिनीला सूट मिळाली होती, अट अशी की दुर्बल घटकांसाठी घरं बांधायची. पुढे त्या घरांची किंमत किती आणि ती मिळणार कुणाला, यावरून वाद दिल्लीपर्यंत गेला. कोर्टाने सांगितलं की घटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क म्हणजे नुसता श्वास चालू असणं नाही, त्यात माणसाला शोभेल असा निवाराही येतो. दुर्बल घटक कुणाला म्हणायचं, घरांचं वाटप कसं करायचं, त्यावर देखरेख कुणी करायची, याचीही तत्त्वं घालून दिली. निवाऱ्याच्या हक्कावर देशात कुठेही खटला उभा राहिला की आजही या निकालाचा दाखला दिला जातो.

ज्या बिल्डरचं नाव आपल्या आईवडिलांच्या ॲग्रीमेंटवर आहे, तेच नाव देशभरच्या कायद्याच्या पुस्तकांत आहे. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत होतं? मला स्वतःला चाळिशीत कळलं, तेही एका वकील मित्राकडून.

त्या खटल्याची कोर्टाची बाजू कायम जपली जाईल. पण दुसरी बाजू? घरासाठी दागिने मोडणारी, विरारच्या गर्दीत लोंबकळत रोज चर्चगेट गाठणारी, नळाला पाणी नाही म्हणून रात्री बादल्या घेऊन टँकरची वाट बघणारी माणसं. त्यांचे कागद म्हणजे वाटपपत्रं, हप्त्यांच्या पावत्या, सोसायटीची मिनिट बुकं, पाण्यासाठी दिलेली निवेदनं. हे सगळं ट्रंकेत, माळ्यावर आणि सोसायटीच्या गंजक्या कपाटात आहे. आता एकेक बिल्डिंग पडतेय, तसं ते टेम्पोत जातंय.

१९९१ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ ला सव्वापाच लाखांच्या जवळ, २०११ ला आठ लाखांच्या वर. १९८५ ला नगरपरिषद, २००२ ला महानगरपालिका. वीस वर्षांत गावाचं शहर झालं. ही उलथापालथ ज्यांनी अंगावर झेलली ती पिढी आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहे. तिच्या आधीच्या आगरी, कोळी, ईस्ट इंडियन घरांतली, मिठागरांवर राबलेली माणसं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. घाई आहे ती याची.

आता पैशाचा प्रश्न. मी चार ठिकाणी विषय काढला, चारही ठिकाणी एकच उत्तर: "कल्पना छान आहे, फंड कुठून आणणार?" म्हणून महाराष्ट्रात अशी कामं आधी कुणी आणि कशी उभी केली ते बघायला बसलो.

मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळामास्तर होते. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातली पत्रं वाचली आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला घेतला. वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यांवरचे कागद गोळा केले. १८९८ साली त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला, एकूण बावीस खंड झाले. ७ जुलै १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झालं, त्यात राजवाड्यांबरोबर सरदार खंडेराव मेहेंदळे होते. १९२६ च्या शेवटच्या दिवशी राजवाडे धुळ्यात गेले, आणि त्यांच्या कागदांसाठी धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढलं. एका माणसाचा संसार म्हणजे कागदांचे गठ्ठे, तो एका गावाने सांभाळला.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण द्यायचं तर ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय, स्थापना १८९३. ते उभं करण्यात पुढे असलेले विनायक लक्ष्मण भावे तेव्हा जेमतेम बाविशीत होते. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे तेच हे भावे. त्यांच्या घरचा धंदा मिठाचा. ठाण्याचा मीठवाला ग्रंथालय उभं करू शकतो, तर मिठागरांवर उभ्या राहिलेल्या आपल्या शहराला एक खोली जड जावी?

उलट उदाहरणही आहे. द. ब. पारसनिसांनी साताऱ्यात केवढा मोठा संग्रह जमवला होता. १९३९ साली तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तिथे नीट जपला गेला, ते चांगलंच झालं. पण साताऱ्याच्या पोराला तो बघायचा तर पुण्याची गाडी धरावी लागते.

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. इमारतीसाठी पैसे मिळतात. कोनशिला असते, फीत असते, फोटो येतो. अडतं ते नंतर. दुसऱ्या वर्षी कुलूप उघडायला माणूस नसतो. वाळवी काढायला, यादी करायला, आलेल्याला कागद काढून दाखवायला कुणी नसतं, कारण त्या पगाराची कोनशिला बसत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: इमारत मागू नका, माणसाचा पगार मागा.

एक कोरडी खोली, लोखंडी रॅक, एक चांगला स्कॅनर आणि काम येणारा एक पूर्णवेळ माणूस. सुरुवातीला बस. खोली पालिकेच्या शाळेतली किंवा वाचनालयातली चालेल. पगारासाठी एक कायम ठेव उभी करायची, मुद्दलाला हात लावायचा नाही, खर्च व्याजातून. त्यात तीन वाटे. पहिला पालिकेचा, अंदाजपत्रकात दरवर्षीची तरतूद म्हणून, एकरकमी देणगी म्हणून नव्हे. दुसरा कंपन्यांचा: २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सीएसआरचा पैसा वारसा जतन आणि सार्वजनिक ग्रंथालयांसाठी देता येतो. तिसरा आपला. प्रत्येक सोसायटीने वर्षाला ठरावीक वर्गणी द्यायची, लहान का असेना. वर्गणी देणारा हिशोब मागतो, आणि हिशोब मागणारे असले की संस्था टिकते. नगरसेवक बदलले, कार्यकर्त्यांची भांडणं झाली, तरी टिकते.

आणि प्रसिद्धी? फ्लेक्स लावून लोक कागद घेऊन येणार नाहीत. महिन्याच्या एका रविवारी एका सेक्टरमध्ये टेबल मांडायचं. कागद आणा, समोर स्कॅन करा, मूळ प्रत त्याच दिवशी परत घेऊन जा. लोकांना भीती असते ती मूळ कागद जाण्याची. मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, कोकणी, जी भाषा असेल ती चालेल. शाळेतल्या मुलांनी आजी-आजोबांची मुलाखत मोबाईलवर रेकॉर्ड करून आणायची. गणपतीत एखाद्या मंडळाने थर्माकोलच्या महालाऐवजी 'आमचा सेक्टर १९९०' असे जुने फोटो लावून बघावेत. रांग लागेल, लिहून ठेवा.

काही जण म्हणतील, आधी पाणी, गटार, रस्ता बघा, इतिहास नंतर. रास्त आहे. पण ज्यांची सोसायटी आज रिडेव्हलपमेंटला उभी आहे त्यांना विचारा. मूळ ॲग्रीमेंट सापडत नाही म्हणून क्षेत्रफळावरून वाद, मंजूर नकाशा नाही म्हणून डीम्ड कन्व्हेयन्स रखडलेलं. जुना कागद हा म्हाताऱ्यांचा छंद नाही, तुमच्या घराचा पुरावा आहे. सरकारी कचेऱ्यांत दफ्तराचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण असतं. 'अ' कायम ठेवायचं, 'ड' वर्षभरात रद्दी. आपण आपल्या सगळ्या आयुष्याला 'ड' शेरा मारून मोकळे झालोय.

तेव्हा तीन कामं सांगतो, आजच्या आज होणारी. एक, तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जात असेल तर पहिलं मिनिट बुक, ॲग्रीमेंट आणि नकाशे यांचे निदान फोटो काढून ठेवा. दोन, पुढच्या वार्षिक सभेत या केंद्राच्या वर्गणीचा विषय घ्या. तीन, तुमच्या वॉर्डातून मतं मागायला जो येईल त्याला विचारा, पुतळा आणि प्रवेशद्वार राहू द्या, या खोलीसाठी दरवर्षी किती देणार?

तोवर ते मिनिट बुक माझ्याकडे आहे. पहिल्या सभेला हजर असलेल्यांच्या सगळ्या सह्या आहेत, दोन अंगठे पण आहेत. त्यात आपल्या वडिलांची, आईची सही असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी येऊन बघून जावं. चहा माझ्याकडे.