टेंभलीचा नंबर आणि डोंगरातली रेंज

हा एपिसोड तुम्ही फोनवर ऐकताय, म्हणजे रेंज आहे आणि रिचार्जही संपलेला नाही. आजची गोष्ट ह्यावरच आहे.

२९ सप्टेंबर २०१०. नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली गाव. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आले आणि देशातला पहिला आधार नंबर इथल्या एका ताईंना मिळाला. १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला हा आदिवासी जिल्हा एकदम देशभर बातमीत आला.

आता दहा वर्षं पुढे या. मार्च २०२०, शाळांना कुलूप. सरकार म्हणालं, 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू'. दीक्षा अ‍ॅप आलं, व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास आला, जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं. शहरातल्या खासगी शाळांचा वर्गच बंद झाला. पोरं घरी बसून स्क्रीनवर हजेरी देऊ लागली. पण आश्रमशाळेचं तसं नसतं ना. तिथं शाळा म्हणजे झोपायची जागा, दोन वेळचं जेवण, लाईट आणि गुरुजी, सगळं एकाच छताखाली. ते बंद झालं आणि पोरं अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात, आपापल्या पाड्यांवर परतली. रेंज हवी तर टेकडी चढा.

सप्टेंबर २०२० ची 'असर' पाहणी देशाच्या ग्रामीण भागाची आहे. खासगी शाळेतल्या ७४.२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन, सरकारी शाळेतल्या ५६.४ टक्के मुलांच्या. घरी फोन म्हणजे पोराच्या हातात फोन नव्हे, तो बापासोबत कामावर जातो. आणि गंमत बघा, ही पाहणीच फोनवरून झाली होती! ज्या घरात फोनच नाही, ते त्यात येणार कसं?

भाषेचंही तेच. घरात पावरी बोलणाऱ्या पहिलीतल्या पोराला मराठी शाळेतच शिकावी लागते. वर्गात शेजारचं मोठं पोर अर्थ सांगतं. टीव्ही थांबत नाही.

हे अंतर काही कोरोनाने पाडलं नाही. नव्वदच्या दशकात सरदार सरोवराच्या बुडितातल्या गावांत सरकारी शाळा कित्येकदा कागदावरच होत्या. म्हणून नर्मदा बचाओ आंदोलन आणि गावकऱ्यांनी चिमलखेडी, निमगव्हाणला स्वतःच्या जीवनशाळा काढल्या. तिथं शिकवणं पोरांच्या बोलीतून सुरू व्हायचं. बिलगावात तर २००३ साली लोकांनी श्रमदान करून धबधब्यावर छोटा वीजप्रकल्प उभारला, शाळेत स्वतःची लाईट आणली. २००६ च्या पुरात तो गेला.

पहिली ते चौथीचे वर्ग सुरू करायला राज्याने परवानगी दिली १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं पोर वर्गात पहिल्यांदा बसलं तेव्हा दुसरीचं अर्धं वर्ष सरलं होतं. जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या.