पाहणाऱ्याला काय सांगावे?

श्रोतेहो, जत्रेत कुस्त्यांचा फड रंगला, की पुढच्या रांगेतल्या माणसाला सगळे दिसते. मागच्याला दिसतात फक्त पुढच्यांचे फेटे. मग तो विचारतो, "काय झालं हो?" पुढचा सांगतो, "पट काढला! खाली घेतला!" समालोचन म्हणतात ते हेच. ज्याला दिसते त्याने, ज्याला दिसत नाही त्याला खरे सांगायचे. फुटबॉलच्या खेळात ही रीत कशी वाढली आणि टीव्हीच्या पडद्यावर आल्यावर तिचे काय झाले, ते आज आपण पाहू.

गोष्ट सुरू होते इंग्लंडात, १९२७ सालच्या जानेवारीत. बीबीसीने रेडिओवरून प्रथम रग्बीच्या सामन्याचे वर्णन केले आणि आठवड्याने, २२ जानेवारीला, लंडनच्या हायबरी मैदानावरून आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्या फुटबॉल सामन्याचे. बोलणारे गृहस्थ होते टेडी वेकलम, स्वतः रग्बी खेळलेले. त्यांच्यापुढे कोणाचा कित्ता नव्हता. तेव्हा रग्बीच्या त्या पहिल्या वेळी एक युक्ती करण्यात आली. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची सेंट डन्स्टन्स नावाची संस्था होती. तिथल्या एका अंध गृहस्थांना वेकलम यांच्याजवळ आणून बसवले, आणि सांगितले, की लाखो लोकांचा विचार करू नका, या एका माणसाला खेळ दाखवा.

किती साधी गोष्ट, पण केवढी मोठी! समोर आंधळा माणूस बसला म्हटल्यावर फुशारकी मारता येत नाही. चेंडू कुठे आहे, कोणाजवळ आहे, कोण धावत येतो आहे, एवढेच नीट सांगावे लागते. श्रोत्यांच्या सोयीसाठी 'रेडिओ टाइम्स' या पत्रिकेत मैदानाचा नकाशा आठ चौकोन पाडून छापला होता. वेकलम खेळ सांगत, आणि दुसरा एक आवाज मधून मधून चौकोनाचा आकडा सांगे. घरबसल्या माणसाने नकाशावर बोट ठेवावे आणि खेळ पाहावा! आपल्याकडे आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटचे वर्णन मराठीतून केले, तेव्हा शेतावरच्या माणसालाही मैदान असेच दिसू लागले.

मग टीव्ही आला. १९३८ साली इंग्लंडच्या एफ. ए. चषकाचा अंतिम सामना पडद्यावर प्रथमच पूर्ण दाखवण्यात आला. प्रेस्टन आणि हडर्सफील्ड हे संघ. जादा वेळही संपत आली, तरी गोल काही होईना. तेव्हा बीबीसीचे समालोचक टॉमस वुडरूफ बोलून गेले, की आता गोल झाला तर मी माझी टोपी खाईन. आपण म्हणतो ना, 'मिशा उतरवीन', तसेच हे. आणि काय सांगावे, शेवटच्या मिनिटाला प्रेस्टनला पेनल्टी मिळाली आणि जॉर्ज मच याने गोल केला! वुडरूफ यांनी पुढे टोपीच्या आकाराचा गोड पदार्थ खाऊन शब्द पाळला, अशी हकिकत सांगतात.

हसण्याची गोष्ट खरी, पण तिच्यात एक अडचण दिसते. चित्र समोर असल्यावर 'चेंडू डावीकडे गेला' हे सांगण्यात अर्थ नाही. ते आम्हीही पाहतोच! मग बोलणाऱ्याने करावे काय? वुडरूफ यांनी केले ते भाकीत. भाकिताची ही खोड पुढे गेलेली नाही.

या अडचणीतूनच जाणकारांची जात पुढे आली. इंग्रजीत त्यांना 'पंडिट' म्हणतात. शब्द ओळखीचा वाटतो ना? आपलाच आहे तो. कंपनी सरकारच्या कोर्टात धर्मशास्त्राचा अर्थ सांगायला पंडित बसत, तोच हा शब्द. १९७० साली मेक्सिकोत विश्वचषक झाला, तेव्हा इंग्लंडच्या आयटीव्हीने लंडनच्या स्टुडिओत मॅल्कम ॲलिसन, डेरेक डूगन, पॅट क्रेरंड आणि बॉब मॅकनॅब अशा चौघांना बसवले. चौघेही फुटबॉलमधले. ते भांडत, एकमेकांना टोमणे मारत, आणि लोक खेळाइतक्याच आवडीने त्यांना ऐकत. तेव्हापासून अशी मंडळी पडद्यावर कायमची आली.

आता कोणी म्हणेल, बोलू द्या की त्यांना, आपले काय जाते? जाते, श्रोतेहो. २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपातल्या ८० सामन्यांचे इंग्रजी समालोचन त्यात तपासले होते. दिसले असे, की बुद्धीबद्दल जी स्तुती झाली, तिच्यातली सुमारे ६३ टक्के उजळ वर्णाच्या खेळाडूंच्या वाट्याला गेली. सावळ्या-काळ्या वर्णाच्या खेळाडूंची गोष्ट निघाली, की ताकद आणि वेग यांचा उल्लेख कितीतरी पटींनी जास्त. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट असेलच असे नाही. पण रोज कानावर पडणारे शब्द मनात घर करतात. गुरुजी, आपल्या वर्गातही असे होते का, ते पाहण्यासारखे आहे. गणित सुटले तर एका पोराला आपण 'हुशार' म्हणतो, आणि दुसऱ्याला 'कष्टाळू' म्हणून सोडतो. कोणाला कोणता शब्द देतो आपण?

मग बोलणेच बंद केले तर? तेही घडून गेले आहे. 'मॅच ऑफ द डे' हा बीबीसीचा १९६४ पासूनचा कार्यक्रम. सरकारी धोरणावर समाजमाध्यमात टीका केल्याबद्दल त्याचे निवेदक गॅरी लिनेकर यांना दूर ठेवले, म्हणून सहकाऱ्यांनीही काम नाकारले. ११ मार्च २०२३ रोजी हा कार्यक्रम निवेदक नाही, जाणकार नाही, समालोचक नाही, असा वीस मिनिटांतच उरकला. नुसता खेळ आणि प्रेक्षकांचा गलका. गंमत अशी, की आदल्या आठवड्यापेक्षा तो जास्त लोकांनी पाहिला. काही जण कुतूहलापोटी बसले असतील, हे खरे. शिवाय गोल दिसला तरी बचावातला गडी आधी कुठे चुकला, हे उलगडून सांगायला कोणी नव्हते. चांगल्या जाणकाराचे काम तेवढेच आहे. डोळ्यांनी जे निसटले ते दाखवायचे, आणि बाकी वेळ गप्प राहायचे.

तेव्हा पुढच्या वेळी सामना पाहाल, तेव्हा एक करून बघा. पाच मिनिटे आवाज बंद ठेवा, मग पाच मिनिटे डोळे मिटून ऐका. बोलणारा काही देतो आहे का, ते लगेच कळेल. आणि गुरुजी, शाळेच्या मैदानावर कबड्डी चालू असताना एका मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधा आणि दुसऱ्याला म्हणा, "याला खेळ सांग." पहिल्या दिवशी तो नुसता ओरडेल. आठवड्याभरात नीट पाहायला शिकेल.