आठवणी घडवणारे गाव : मॉखलिनच्या लाकडी डब्या

१/ तळहातावर मावेल एवढी फिकट पिवळी लाकडी डबी. झाकणावर काळ्या रेषांत एखादे चर्च किंवा समुद्रकिनारा. आत दोऱ्याचे रीळ. चित्र इंग्लंडातले असो वा फ्रान्समधले, डबीचे जन्मगाव बहुधा एकच : स्कॉटलंडच्या एअरशायरमधील मॉखलिन.

२/ आरंभ तपकिरीपासून झाला. झाकण सैल असले की तपकीर सुकते, सांडते. स्कॉटिश कारागिरांनी लाकडातच कोरलेली, बाहेरून न दिसणारी बिजागरी घडवली. १९व्या शतकात विल्यम आणि अँड्र्यू स्मिथ या बंधूंनी मॉखलिनमध्ये अशा डब्यांचा कारखाना नावारूपाला आणला.

३/ पुढे तपकिरीची रीत ओसरली. कारखान्यापुढे जगण्याचा प्रश्न उभा राहिला. त्याच काळात आगगाडीने सहली सामान्यांच्या आवाक्यात आणल्या. कारखान्याने गिऱ्हाईक बदलले. सुयांची घरे, अंगुस्तानाच्या डब्या, टाचण्यांच्या गाद्या घडू लागल्या. पेझ्लीच्या क्लार्क आणि कोट्स या दोरा-कंपन्यांची रिळेही अशाच पेट्यांतून विकली जात.

४/ लाकूड सिकॅमोरचे : फिकट आणि घट्ट पोताचे. कोरीव पत्र्यावरून कागदावर चित्र उमटवायचे, तो कागद व्हार्निश लावलेल्या लाकडावर पालथा चिकटवायचा, वाळल्यावर कागद काढून टाकायचा. मग वरून व्हार्निशचे अनेक थर. पत्रा बदलला की गाव बदले. डबी तीच राही.

५/ कवी रॉबर्ट बर्न्स १७८४पासून मॉखलिनजवळच्या मॉसगील शेतावर राहत होता. त्याच्या कवितेतील नदीकाठच्या झाडाचे हे लाकूड, असा मजकूर कित्येक डब्यांवर छापलेला आढळतो. गिऱ्हाईक डबीबरोबर कवीच्या भूमीचा तुकडाही घरी नेत असे.

६/ १९३३ साली कारखान्याला आग लागली आणि हा व्यवसाय संपला.

७/ म्हणून संग्राहकांना एक विनंती. डबी चकाकावी म्हणून घासू नका. व्हार्निशखालचे चित्र एकदा पुसले की परत येत नाही. आतले दोरा-कंपनीचे लेबल काढू नका. डबीचा काळ ठरवायला तेच कामी येते. झाकणावरची इमारत कदाचित आज उभी नसेल. सहलीहून परतलेल्या कुणा स्त्रीच्या शिवणाच्या टोपलीत मात्र ती टिकून राहिली.