व्हँ झोन
पूर्व फ्रान्समधील ज्युरा प्रदेशाची पिवळी, गोडवा नसलेली वाइन. ती केवळ साव्हान्याँ जातीच्या द्राक्षांपासून करतात. शातो-शालों गावची विशेष नावाजलेली. ओकच्या पिंपात ती ६ वर्षांहून अधिक काळ मुरते. बाष्पीभवनाने झालेली घट भरून काढत नाहीत, म्हणून पृष्ठभागावर यीस्टची साय धरते. ही हवेने बिघडलेली वाइन होय, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही, कारण ही साय हवेचा संपर्क मर्यादित ठेवते आणि अक्रोडासारखा स्वाद घडवते. ६२ सेंटिलिटरच्या ठेंगण्या बाटलीत ती भरतात.

मुरलेले कोंते चीज, तसेच साय व मोरेल अळंबी घालून शिजवलेली कोंबडी हे तिचे रूढ सोबती. ही जोडी निव्वळ प्रांताभिमानाची, असे म्हणणे अपुरे आहे. वाइन मुरताना तयार होणारे सोटोलोन हे गंधद्रव्य मेथीदाण्यातही प्रमुख असते. म्हणूनच ज्युराशी काहीही संबंध नसलेल्या मसालेदार रश्श्यांशीही ती उत्तम जुळते. तिखटाचा मारा मात्र तिला सोसत नाही. ती फार थंड करू नये; १४ ते १६ अंश सेल्सिअसला तिचा गंध खुलतो.