आभाळ आलंच नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१९८४च्या डिसेंबरात पहाटेच सिंहगड चढून गेलो होतो. कॅमेरा उसना, रोल कृष्णधवल. पुरंदरच्या बाजूने सूर्य वर आला, ढगांच्या पट्ट्या पेटल्यासारख्या झाल्या आणि मी भराभर चार फोटो काढले. आठवड्याने प्रती हातात आल्या. खाली दरी छान, झाडंसुद्धा ओळखू येत होती. वर मात्र नुसता पांढरा कागद! स्टुडिओचे मालक म्हणाले, ‘‘आभाळ आलंच नाही हो. निगेटिव्ह ठेवून जा, बघतो.’’

आपला डोळा मोठा लबाड. आभाळाकडे पाहताना तो बाहुली आवळतो, दरीकडे वळला की सैल सोडतो, आणि आपल्याला वाटतं की सगळं एकाच वेळी दिसतंय. सूर्योदयाचं आभाळ सावलीतल्या जमिनीपेक्षा शेकडो पटींनी उजळ असू शकतं. छापील फोटोतला पांढरा त्यातल्या काळ्यापेक्षा फार तर शंभर-सव्वाशे पट उजळ. एवढं मोठं गाठोडं एवढ्याशा पेटीत बसवायचं कसं?

१८५०च्या दशकात ही अडचण फार वाईट होती. तेव्हा काचेवर कोलोडियनचा ओला थर देऊन फोटो काढत. हा थर निळ्या प्रकाशाला चटकन भुले. हिरव्या-तांबड्याची त्याला फारशी दखलच नसे. जमीन उमटेपर्यंत आभाळाचा निकाल लागलेला असे. काही छायाचित्रकार तर निगेटिव्हवरच्या आभाळाला काळा रंग फासून टाकत, म्हणजे छापताना ते स्वच्छ पांढरं येई. डागाळलेल्यापेक्षा कोरं बरं!

पॅरिसच्या गुस्ताव्ह ल ग्रेला हे मान्य नव्हतं. तो मूळचा चित्रकलेचा विद्यार्थी, त्यामुळे कोरं आभाळ त्याला खुपत असणार. १८५६-५७मध्ये त्याने नॉर्मंडीच्या आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर सागरदृश्यं टिपली. त्यांतलं सेत इथलं ‘मोठी लाट’ सर्वांत गाजलं. त्यासाठी त्याने दोन निगेटिव्ह वापरल्या, एक समुद्राची आणि एक आभाळाची. तेव्हा फोटो मोठा करून छापायची सोय नव्हती. सुमारे ३० बाय ४० सेंटिमीटरची काच थेट कागदावर ठेवायची आणि उन्हात धरायची. एक भाग झाकून दुसरा छापायचा, मग काच बदलून उलट. सांधा लपवायला क्षितिजाची सरळ रेघ होतीच.

गंमत म्हणजे त्याच्या काही चित्रांत समुद्र वेगवेगळे, पण ढग तेच! ही फसवणूक का? मला विचाराल तर दोन निगेटिव्ह जोडणं ही फसवणूक नाही. डोळाही तेच करतो, आणि पांढऱ्याफट्ट आभाळापेक्षा ते सत्याच्या जवळचं. पण एकाचं आभाळ दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं मला पचत नाही.

ल ग्रेचा धंदा मात्र बुडाला. १८६०मध्ये तो अलेक्झांडर ड्युमाबरोबर पॅरिस सोडून निघाला आणि शेवटी कैरोत चित्रकला शिकवत राहिला. तिथेच १८८४मध्ये वारला. १९९९मध्ये लंडनच्या लिलावात ‘मोठी लाट’ची एक प्रत पाच लाखांहून अधिक पौंडांना गेली, तोवर कुठल्याच छायाचित्राला एवढी किंमत आली नव्हती.

दुसरी वाट अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची. १९४४ साली कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाबाहेर तो कडाक्याच्या थंडीत चार पहाटा जाऊन रिकाम्या हाताने परतला. पाचव्या दिवशी सिएरा नेवाडाची बर्फाळ शिखरं उन्हात उजळली, पुढच्या टेकड्या अजून अंधारात होत्या आणि मधल्या कुरणात उन्हाचा पट्टा पडला. तिथे एक घोडा चरत होता, पण पाठ फिरवून. अगदी शेवटच्या क्षणी तो आडवा वळला! दृश्याचा प्रत्येक भाग मीटरने मोजून, तो छापात किती करडा येणार हे आधीच ठरवण्याची अ‍ॅडम्सची पद्धत. बर्फाचा पोत राखायचा म्हणून त्याने टेकड्या जवळजवळ काळ्या होऊ दिल्या. त्याच टेकडीवर गावच्या शाळकरी मुलांनी ‘एल पी’ ही अक्षरं मोठ्या आकारात रंगवली होती. ती त्याने छापातून बेलाशक पुसून टाकली.

डिजिटल कॅमेऱ्यात न्याय उलटा आहे. तिथला प्रत्येक बिंदू म्हणजे एक वाटी. प्रकाशाने ती भरून वाहू लागली की पुढची नोंदच नाही. मागाहून संगणकावर कितीही खटपट करा, ढग परत येत नाहीत. अंधार मात्र नंतर उजळता येतो, थोडा रवाळ झाला तरी. म्हणून आधी आभाळ सांभाळायचं. बऱ्याच कॅमेऱ्यांत जळालेला भाग पडद्यावर लुकलुकतो. तो थांबेपर्यंत प्रकाश कमी करायचा. अर्धी काळसर काच लावतात तीही उपयोगी, पण सह्याद्रीत सुळका मध्ये आला की त्याचं डोकं काळं होतं. नाहीतर तिवईवरून कमी-जास्त प्रकाशाचे दोन-तीन फोटो काढून जोडायचे. म्हणजे फिरून ल ग्रेच.

माझ्या निगेटिव्हवर आभाळाची जागा पार काळी होती, पण कोरी नव्हती. स्टुडिओच्या मालकांनी एन्लार्जरखाली दरीवर पुठ्ठा धरला आणि एकट्या आभाळाला तिप्पट वेळ दिला. पुरंदरच्या डोक्यावर ढगांच्या तीन पट्ट्या उमटल्या. पुठ्ठा जरा खाली सरकला असावा. कड्याचा माथा एका बाजूला उगीच जास्त काळा पडलाय.