घर, घरात, घरातल्यांनासुद्धा

शब्दकोश ही कपाटावर ठेवायची वस्तू, अशी आमच्या घराण्याची समजूत. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला १८३१ साली, वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. तिचे पुनर्मुद्रण आमच्याकडे आहे आणि पाहुणे आले की त्यावर लोणच्याची बरणी बसते. पण हल्ली कोश कॉम्प्युटरच्या पोटात जातो. तो गेला नाही, तर आपण लिहिलेल्या प्रत्येक मराठी शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते. आमच्या ऑडिटरने शोभावे अशी!

आता मराठीचा कोश टाकायचा तर आधी तिचा पत्ता हवा. आमच्या लेखनाच्या प्रोग्रॅमात भाषांचे तीन रकाने निघाले : वेस्टर्न, एशियन आणि कॉम्प्लेक्स. एशियनमध्ये चिनी, जपानी, कोरियन मंडळी ऐसपैस बसलेली. मराठी कॉम्प्लेक्समध्ये. हे मी आमच्या हिला सांगितले. ‘‘त्यात नवल ते काय?’’ एवढेच ती म्हणाली.

कोश म्हणून जे येते त्यात मुख्य फायली दोन. एक शब्दांची यादी, दुसरी नियमांची. बँकेतल्या माणसाला हे लगेच कळते. यादी म्हणजे लेजर. प्रत्येक शब्दापुढे एक खूण, जशी खात्यापुढे असते : याला चेकबुक द्या, याला ओव्हरड्राफ्ट नको. आणि नियमांची फाईल म्हणजे हेड ऑफिसचे सर्क्युलर. त्या खुणेच्या शब्दाला कोणता प्रत्यय कसा लावायचा, ते त्यात.

या सर्क्युलरची गरज इंग्रजांना बेताचीच. १९७१ साली स्टॅनफर्डला राल्फ गोरिन यांनी पीडीपी-१० या यंत्रासाठी ‘स्पेल’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या वंशात ‘आयस्पेल’ झाला. पुढे ओपनऑफिससाठी केव्हिन हेंड्रिक्स यांचा ‘मायस्पेल’ आला. त्याला शब्दामागचा एकच प्रत्यय सोलता येई आणि त्याच्या अक्षरांच्या कोष्टकात घरे फक्त २५६. इंग्रजीचा संसार एवढ्यात सुखाने चालतो.

अडले हंगेरियनांचे. त्यांच्याकडे ‘हाझ’ म्हणजे घर, ‘हाझबन’ म्हणजे घरात आणि ‘हाझाइमबन’ म्हणजे माझ्या घरांमध्ये. एकाच शब्दाला मालगाडीसारखे डबे! तेव्हा लास्लो नेमेत या हंगेरियन गृहस्थांनी मायस्पेल घेऊन वाढवला. एकामागे एक लागलेले दोन प्रत्यय सोलायची सोय केली आणि युनिकोडही आणला. नाव ‘हनस्पेल’. २००६ साली तो ओपनऑफिसात गेला, २००८ साली फायरफॉक्स ३ मध्ये. ‘इंग्रजीचे भागते ना, मग झाले,’ असे म्हणून हा गृहस्थ स्वस्थ बसला असता, तर आमच्या मराठीने कोणाच्या तोंडाकडे पाहिले असते?

कारण डबे आमचेही आहेत. एकट्या ‘घर’ची रूपे मी चहाच्या सुट्टीत मोजायला घेतली. घरात, घरातला, घरातल्या, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा... पन्नासावर थांबलो, तेव्हा अजून घरातच होतो. घरासमोर आणि घरामागे पाऊलही टाकले नव्हते. मोल्सवर्थसाहेबांना ही यातायात नव्हती. त्यांनी ‘घर’ छापले की प्रत्यय सोलायचे काम वाचणाऱ्याचे. यंत्राला मात्र सगळे शिकवावे लागते. ‘गूळ’चे ‘गुळाचा’ होताना शेवटचा ‘ूळ’ काढ, ‘ुळा’ लाव, मग ‘चा’ लाव. हे आपण चौथी पास व्हायच्या आत बोलत असतो आणि कोणी नियम विचारला तर तोंडात गूळ धरून बसतो.

कोश बसल्यावर आमच्याकडच्या बऱ्याच रेघा गेल्या. ‘पासबुक’खालची राहिली. चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, सोप्पंय, उजवं बटण दाबा आणि शब्द टाका यादीत.’’ टाकला. ‘पासबुक’ शुद्ध झाले, ‘पासबुकात’ लालच! कारण आपण असा टाकलेला शब्द बिनखुणेचा. लेजरमध्ये नाव चढले, पण सवलत एकही नाही. म्हणून मी सध्या एकेक रूप हाताने टाकतो आहे. काल रात्री ‘पासबुकातल्या’पर्यंत आलो.