मुलूखमैदान तोफेच्या वाटेनें



विजापूरची मुलूखमैदान तोफ ज्यांनीं पाहिली नाहीं, त्यांच्याहि बोलण्यांत ती येते. सभेंत कोणी फार जोरानें बोलूं लागला कीं आपण त्याला मुलूखमैदान तोफ म्हणतों. मूळ नांव मलिक-इ-मैदान, म्हणजे रणांगणाचा धनी. मीं तीस वर्षें शाळेंत हा धडा शिकविला. लांबी सुमारें १४ फूट, तोंडाचा आंतला व्यास सुमारें २ फूट ४ इंच, वजन सुमारें ५५ टन. इ. स. १५४९ मध्यें निजामशाहीच्या चाकरींतील महंमद बिन हुसेन रूमी नांवाच्या तुर्की कारागिरानें ती अहमदनगरास ओतली आणि १६३२ सालीं परंड्याच्या किल्ल्यांतून ती विजापुरास गेली. इतके आंकडे फळ्यावर लिहिले कीं माझें काम संपे.

एके वर्षीं शेवटच्या बांकावरच्या एका मुलानें विचारलें, "गुरुजी, एवढी तोफ ओढली कुणी?" मीं म्हटलें, "चारशें बैल आणि दहा हत्ती लागले, असें सांगतात." त्यावर तो म्हणाला, "मग त्यांनी वाटेत पाणी कुठं पिलं?" वर्ग हंसला. मीहि हंसलों आणि त्याला खालीं बसविलें. तो मुलगा बार्शीकडच्या एका शेतकऱ्याचा होता. त्या दिवशीं वर्गांत खरा प्रश्न एकानेंच विचारला होता, हें मला निवृत्त झाल्यावर उमगलें.

म्हणून गेल्या माघांत मी आगगाडीनें बार्शीस उतरलों तो सायकल बरोबर घेऊनच. सायकल जुनी, उंच चौकटीची. मागें वळकटी, पुढें पिशवींत दशम्या, हवा भरण्याचा पंप आणि पाण्यानें भरलेला फिरकीचा तांब्या. साठी उलटल्यावर हा उद्योग कशाला, असें घरांतून विचारणें झालेंच. परंतु मोटारींतून जाणाराला अंतर कळतें, ओझें कळत नाहीं. ओझें कळायला स्वतःचे गुडघे कामीं लावावे लागतात.

बार्शीहून प्रथम परंड्यास गेलों. किल्ला भुईकोट आहे. भोंवती खंदक, दुहेरी तट आणि बुरुजांवर अजून पडून असलेल्या तोफा. बहामनी वजीर महमूद गावान यानें तो बांधविला असें म्हणतात. अहमदनगर १६०० सालीं मोगलांच्या हातीं गेल्यावर मलिक अंबरानें निजामशाहीची गादी कांहीं काळ येथेंच मांडली होती. आज तटावर उभें राहिलें तर चहूंकडे सपाट, भुऱ्या रंगाचें शिवार दिसतें; मधूनमधून बाभळी, आणि जेथें विहिरीला पाणी असेल तेथें तेवढा हिरवा तुकडा.

आतां १६३२ सालचें हें शिवार डोळ्यांपुढें आणावें. १६३० मध्यें दक्षिणेंत पाऊस पडला नाहीं. गुजराथेपासून दक्षिणेपर्यंत जो भयंकर दुष्काळ पडला, त्याचें वर्णन शहाजहानच्या दरबारच्या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. देहूस तुकोबांच्या घरीं याच दुष्काळानें मृत्यू आणला. परंड्यालाहि त्याचा एक पुरावा आहे. शहाजहानचा सरदार आझमखान यानें त्या सुमारास या किल्ल्याला वेढा घातला होता. तट कांहीं पडला नाहीं. जनावरांना वैरण मिळेना, म्हणून वेढा उठवावा लागला. बादशाही फौजेची जेथें ही गति झाली, तेथूनच थोड्या अवधींत चारशें बैल जुंपून ५५ टनांची तोफ निघाली.

ती नेणारा पुरुष मराठी माणसाला अपरिचित नाहीं. पुण्यावर गाढवांचा नांगर फिरविणारा तोच हा मुरार जगदेव. त्या एका कृत्यामुळें आपण त्याला ओळखतों, आणि तेवढ्यावरच सोडून देतों. माझ्या मतें हा मनुष्य दुष्ट असेल-नसेल, पण जड वस्तु हलविण्याची विद्या त्याला येत होती, यांत शंका नाहीं. १६३३ सालीं भीमा-इंद्रायणीच्या संगमावर त्यानें हत्तीच्या भाराइतकें दान केलें. तेव्हां शहाजीराजांच्या सूचनेवरून हत्ती नावेंत चढविला, नाव पाण्यांत किती बुडाली त्याची खूण केली, आणि मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नावेंत दगड भरले, अशी कथा आहे. त्या गांवाला तुळापूर म्हणतात तें यावरून. पुढें १६३५ मध्यें आदिलशाही दरबारच्या कारस्थानांत या मुरारपंताचा वध झाला.

परंड्याहून मी पुन्हां बार्शीवरून वैरागच्या रस्त्यास लागलों. वैरागच्या अलीकडे मागच्या चाकांत बाभळीचा कांटा शिरला. रस्त्याच्या कडेला शाळू निसवून उभा होता. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानें मला लिंबाच्या सावलींत बसायला जागा दिली आणि मूठभर हुरडा पुढें ठेविला. पंक्चर काढतां काढतां मीं त्याला विचारलें, "बैल दिवसाला पाणी किती पितो हो?" त्यानें माझ्याकडे पाहिलें आणि म्हणाला, "मास्तर दिसता तुम्ही." मग बोटें मोजून सांगितलें, "दोन घागरी तर लागत्यातच. उन्हाळ्यात तीन. ओझं ओढत असंल तर इचारूच नका."

तेथेंच बसून मीं हिशेब मांडला. चारशें बैल, दर बैलाला तीन घागरी, म्हणजे रोज १२०० घागरी. हत्ती निराळे, माणसें निराळीं. परंड्यापासून विजापूर माझ्या रस्त्यानें सुमारें २०० किलोमीटर भरतें. तोफेनें रोज दोन कोस मजल मारली असें धरलें, आणि तें धरणें फार उदार आहे, तरी एक महिना लागला. १२०० घागरी महिनाभर म्हणजे ३६,००० घागरी. या घागरी वाटेवरच्या गांवांच्या विहिरींतून आल्या. दुसरी जागाच नव्हती.

कोणी म्हणेल, पावसाळ्यांत न्यायची होती, ओढे-नाले भरलेले असतात. पण ही सगळी काळी जमीन आहे. ओली झाली कीं तिच्यांत रिकामी गाडी आंसापर्यंत रुतते. माझी सायकलसुद्धां एका पाटाच्या गळतीच्या चिखलांत अशी गुंतली कीं काटकीनें माती खरवडून काढावी लागली. तेव्हां तोफ ओढायची ती जमीन वाळल्यावरच. जमीन वाळली कीं वाट पक्की होते आणि विहिरी खोल जातात. तोफेला रस्ता देणारा महिना तोच बैलांचें पाणी तोडणारा महिना. दुष्काळांतून नुकत्याच उठलेल्या गांवांवर हा काफिला जेव्हां उतरला असेल, तेव्हां विहिरीवर गांवच्या बायका आधीं आणि सरकारी बैल मागून, असा क्रम खास नसेल.

सोलापूर मीं फार पाहिलें नाहीं. रात्रीं मुक्काम केला, पहांटे निघालों. वडकबाळला सीना ओलांडली. मंद्रूपच्या पुढें थोडें आडवाटेला हत्तरसंग-कुडल आहे. तेथें सीना-भीमेच्या संगमावरच्या देवळांत शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधील मराठी शिलालेख आहे. तो पाहिल्याशिवाय पुढें जाणें मास्तरकीला शोभलें नसतें. सोळा किलोमीटर जास्त पडले असते तरी गेलों असतों.

टाकळीजवळ भीमा लागली. परंड्याहून विजापूर गांठायचें तर ही नदी चुकविण्याचा मार्ग नाहीं. मुलूखमैदानाबरोबर कडक बिजली नांवाची दुसरी एक तोफ निघाली होती आणि ती नदी उतरतांना बुडाली, अशी विजापूरकडे दंतकथा आहे. कोणी भीमा म्हणतात, कोणी कृष्णा; वाटेचा विचार केला तर कृष्णा विजापूरच्याहि दक्षिणेला राहते, म्हणून मी भीमेच्या बाजूनें मत देतों. आज पूल भक्कम आहे आणि वरच्या अंगाला उजनीचें धरण झाल्यापासून कांठीं ऊंस उभा आहे. पुलाच्या कठड्याला सायकल टेकून मी पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिलों. तांब्या रिकामा झाला होता. पलीकडे धूळखेड, तेथून कर्नाटक. एका दुकानदारानें कानडींत कांहीं विचारलें, मीं मराठींत उत्तर दिलें, आणि तांब्या भरून मिळाला.

झळकी, होर्ती मागें पडल्यावर क्षितिजावर गोल घुमट दिसूं लागतो. दिसल्यावर तो जवळ येत नाहीं, हें सायकलवाल्याला सांगायला नको. समोरून वारा होता. शहरांत पोहोंचलों तेव्हां दिवस कलला होता, म्हणून तोफ दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहिली.

ती शेर्झा बुरुजावर आहे. तोंडाचा आकार सिंहाच्या जबड्याचा आणि जबड्यांत हत्ती. अंगावर ओतणाराचा लेख आहे, आणि १६८६ सालीं विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानें कोरविलेला दुसराहि. हातानें ठोकली तर घंटेसारखी वाजते. ब्रिटिश सरकारला १८२३ सालीं ती आपल्या राजाला नजर म्हणून विलायतेस पाठवायची होती. त्यासाठीं एक इंजिनियर पाहणीला आला, पण समुद्रापर्यंतचे रस्ते इतके वाईट कीं तो बेत सोडावा लागला. पुढें विजापूर साताऱ्याच्या कमिशनरकडे असतां, १८५४ मध्यें, निरुपयोगी सामान म्हणून तिचा लिलाव पुकारला गेला. सर्वांत मोठी बोली झाली १५० रुपयांची! मामलेदाराला ती किंमत फार कमी वाटली, शिवाय लोकांची तोफेवर भक्ति होती. त्यानें वर लिहिलें आणि लिलाव रद्द झाला. मुरारपंतानें जें ओझें दोनशें किलोमीटर आणलें, तें इंग्रजाला हलवितां आलें नाहीं, आणि व्यापाऱ्याला नेण्याइतकें किंमतीचें वाटलें नाहीं.

पण विजापूर राखलें तें या तोफेनें काय? १६६५ च्या अखेरीस मिर्झा राजा जयसिंह शहरापासून दहा-बारा मैलांवर येऊन ठेपला; शिवाजीमहाराज त्या वेळीं त्याच्या बरोबर होते. विजापूरकरांनीं भोंवतालच्या विहिरी मातीनें बुजविल्या, झाडें तोडलीं, नवरसपूर आणि शहापूर येथील तळीं रिकामीं केलीं. जयसिंहापाशीं वेढ्याच्या मोठ्या तोफा नव्हत्या हें खरें. पण फौजेला प्यायला पाणी नाहीं, याला तोफांचाहि उपाय नव्हता. जानेवारी १६६६ मध्यें त्यानें पाठ फिरविली. तटाच्या आंत मात्र पाणी होतें. १५७९ सालची चांद बावडी होती, १६२० ची ताज बावडी होती, तोरवीकडून भुयारी मार्गानें आणलेलें पाणी होतें, आणि १६५१ मध्यें बांधलेल्या बेगम तलावाचें पाणी मातीच्या नळांनीं शहरांत खेळत होतें. हा तलाव बांधविणारा महंमद आदिलशहा. मुलूखमैदान आणविणारा सुलतानहि तोच, आणि गोल घुमटाखालीं निजला आहे तोहि तोच. प्रवासी घुमटांत जाऊन टाळी वाजवितात आणि प्रतिध्वनि मोजतात. बेगम तलावाकडे फारसें कोणी फिरकत नाहीं.

दुपारीं मी ताज बावडीच्या मोठ्या कमानीखालीं येऊन बसलों. कित्येक वर्षें कचऱ्यानें भरलेली ही बावडी अलीकडच्या काळांत गाळ उपसून मोकळी केली आहे. पायऱ्यांवर थंडावा होता. तेथें एक कार्ड काढून मीं बार्शीकडच्या त्या माझ्या विद्यार्थ्याला लिहिलें. तो आतां स्वतःच नातवंडांचा धनी आहे आणि त्याच्या गोठ्यांत दोन बैल आहेत. चारशें बैल, तीन घागरी, तीस दिवस, असा सगळा हिशेब पायरीपायरीनें मांडला, आणि त्या दिवशीं त्याला खालीं बसविलें तें चुकलें, असें खालीं लिहिलें. स्टेशनच्या वाटेवर टपालपेटी होती, तींत कार्ड टाकलें. सायकल मालाच्या डब्यांत चढविली आणि सोलापूरच्या गाडींत बसलों.